जॅझची गिटार आणि आमची खारी हवा

गिटारच्या दुकानात गेलं की विकणारा हमखास एक गोष्ट करतो. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार खाली काढतो, सहाच्या सहा तारांवर एक जी कॉर्ड (सुरांचा जुडगा) मारतो आणि आवाज विरेपर्यंत गप्प उभा राहतो. मग म्हणतो, "बघा, सस्टेन काय आहे!" आहे, आवाज खरंच लांबत राहतो, पण मला नेमका तोच नकोय. म्हापशाला एका दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "मग इलेक्ट्रिक घे ना बाबा, जॅझला तीच लागते."

तसं चुकीचं नाही त्याचं. पण आवाज मोठा करणारा अँप यायच्या आधीही जॅझमधे गिटार होतीच की. १९२२ मधे गिब्सन कंपनीची एल-५ गिटार आली, तिचं टॉप, म्हणजे वरची फळी, व्हायोलिनसारखं कोरून फुगीर केलेलं, भोकं एफ आकाराची, आणि ब्रिज (तारांखालची घोडी) चिकटवलेला नाही, नुसता तारांच्या दाबाने जागेवर बसलेला. असल्या फुगीर टॉपच्या आर्चटॉप गिटारचा आवाज जरा कोरडा, मधल्या सुरांचा, झटकन उठतो आणि झटकन बसतो, आणि ट्रंपेट सॅक्सोफोनच्या गदारोळातून ऐकू यायला तसलाच लागतो. गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ साली काउंट बेसीच्या जॅझ बँडमधे आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं अँपशिवाय तिथे वाजवत बसला, तारा चांगल्या उंच, चार मात्रांच्या बारला चार ठोके, आणि कॉर्डमधले जेमतेम दोन-तीन सूर, कधी तर एकच.

जॅझमधे कॉर्ड फार भराभर बदलतात ना, डी मायनर सेव्हन म्हणेपर्यंत जी सेव्हन आलेली असते, आणि आधीची गुंजत राहिली तर कणकवली स्टँडवर दोन अनाउन्समेंट एकदम लागल्यासारखं होतं, कळत काहीच नाही. म्हणून डाव्या हाताची बोटं जरा सैल करून प्रत्येक ठोक्याला आवाज तोडायचा. आमच्या आजोबांना हे अजिबात पटत नाही, त्यांचा कान भजनाचा, डबलबारीवर पोसलेला. "ह्याचो आवाज लगेच कित्याक मरता रे?" अहो आजोबा, मारायचाच आहे तो!

बरं, कोरीव आर्चटॉप घ्यायची तर किंमत लाखांत जाते, आणि समजा घेतली तरी ठेवायची कुठे? अस्सल लाकडाच्या गिटारला हवेत ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो म्हणतात, आणि आमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तरी ओला होतो. सलग लाकडाचं टॉप हवेतलं पाणी पितं, फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि काल पडत होती ती बार कॉर्ड (एकाच बोटाने बऱ्याच तारा दाबायची) आज दाबता दबत नाही. (पेटीच्या पट्ट्या पावसात अडकतात त्याचं कारणही हेच, पण पेटीवाल्यांना त्याची सवय झालेली असते.)

म्हणून माझं मत, कोकणात राहून जॅझ वाजवायचा तर सरळ प्लायची गिटार घ्यावी, लहान पोटाची. प्लाय म्हटलं की जाणकार नाक मुरडतात. पण थरांचं लाकूड हवेने कमी हलतं, आवाजही त्याचा सहसा आखूडच. शिवाय जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट, ज्याच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत जवळपास निकामी झाली आणि तरी उरलेल्या दोन बोटांवर जो सोलो वाजवायचा, त्याच्या त्या नावाजलेल्या सेल्मर गिटारची पाठ आणि बाजू प्लायच्याच होत्या. टॉप मात्र स्प्रूसच्या सलग लाकडाचं, ते मान्य.

दुकानात बघायचं ते एवढंच, कॉर्डचे तीन सूर दाबून छोटासा ठोका द्यायचा, तिन्ही वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत, आणि बोटं उचलली की मागे काही रेंगाळता कामा नये. पोटाकडच्या वरच्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) हात जातो का तेही बघा, जॅझवाल्याचं अर्धं काम तिथेच असतं. पॉलिश, इनले वगैरेकडे ढुंकूनही बघू नका.

तारांचा खर्च मात्र सुटत नाही. खाऱ्या वाऱ्याने साध्या तारा बघता बघता गंजतात, वाजवून झालं की पुसायच्याच, केसमधे सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. मी हल्ली फ्लॅटवूंड लावतो, गुळगुळीत असतात त्यामुळे बोट सरकताना ची-ची होत नाही, आवाजही आणखी कोरडा येतो, पण इथल्या दुकानांत त्या मिळत नाहीत, ऑनलाइन मागवाव्या लागतात आणि कुरियरवाला काही गावात येत नाही, कणकवलीत ठेवतो आणि फोन करतो, "पार्सल आलंय, या घेऊन."