आमची वाटचाल : निमित्ताशिवाय येणाऱ्यांच्या भरवशावर

आमचं दुकान सुरू झालं केकवर आणि टिकलं ते टोस्ट-कॉफीवर. सुरुवातीला वहिनी घरूनच ऑर्डरी घ्यायच्या. वाढदिवस, निरोप समारंभ, कुणाचं परीक्षेतलं यश. मी नोकरी सांभाळून पोचवायचं काम करायचो. केकचा धंदा कागदावर छान दिसतो. ऑर्डर मोठी, पैसे आगाऊ हातात, माल वाया जायची भीती नाही. पण केकचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा-दोनदा उगवतं, आणि गाळा घेतला की भाडं मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दारात उभं असतं. गाळ्याचा करार करायच्या आधी वहिनींनी वहीत एक साधा हिशोब मांडला होता. नुसत्या केकवर भाडं, वीज आणि दोन पगार भागवायचे तर गावभर रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस हवा. त्यावरून ठरलं की दुकान मांडायचं ते काहीही निमित्त नसताना आठवड्यातून तीनदा येणाऱ्या माणसासाठी. एकटा येतो, फार खर्च करत नाही, फोटो काढत नाही, असा माणूस. तेव्हापासून आम्ही जे काही ठरवलं ते त्याच्याकडे बघून.

पहिला परिणाम मेन्यूवर झाला. असा माणूस मेन्यू वाचायला येत नाही, त्याला काय हवंय ते दारातून आत येतानाच त्याला माहीत असतं. आणि लांबलचक मेन्यूचा खरा भार पडतो तो फ्रिजवर. प्रत्येक पदार्थ आपला एखादा तरी सॉस, भाजी किंवा चीज घेऊन येतो, आणि तो पदार्थ दोन दिवस कुणी मागितला नाही की ते सगळं कचऱ्यात जातं. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवावा, असं या धंद्यात कुणीही सांगेल. तो बाहेर जातो तो महागड्या मालामुळे कमी आणि फेकलेल्या मालामुळे जास्त. म्हणून आमच्याकडे नियम आहे : फक्त एकाच पदार्थाला लागणारी वस्तू दुकानात आणायची नाही. सँडविचमधले भाजलेले टोमॅटो सूपमध्येही जातात. आज भाजलेला ब्रेड आज सँडविचला, उद्या टोस्टला, परवा त्याचे तुकडे तुपावर परतून सूपवर. टोस्टला तर आदल्या दिवशीचा ब्रेडच बरा. ताज्यात ओल जास्त असते, त्यामुळे तो कुरकुरीत व्हायला वेळ घेतो.

ब्रेडचं खातं पूर्ण वहिनींचं. तिथे मी फक्त पोती उचलतो. त्यांचं सगळं मोजमाप मैद्याच्या हिशोबात चालतं : मैदा १०० धरला तर पाणी ६५ च्या आसपास, मीठ २, यीस्ट त्याहून कमी. एकदा ही पद्धत अंगवळणी पडली की दोन लाद्या करायच्या असोत की चाळीस, डोकं चालवावं लागत नाही. डोकं लागतं ते तापमानाला. मळून झालेलं पीठ २४ ते २६ अंशांत यायला हवं. हवा आपल्या हातात नसते, मैद्याचं पोतंही खोलीइतकंच तापलेलं असतं. हातात उरतं फक्त पाणी. म्हणून उन्हाळ्यात वहिनी पाण्यात बर्फ टाकतात आणि थंडीत तेच पाणी कोमट करून घेतात. मळून झालं की चिमूटभर गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणतात आणि दिव्यासमोर धरतात. पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि फाटला नाही, तर झालं. फाटला तर परत मशीनमध्ये.

या कामात आमचं आयुष्य खरोखर बदललं ते थंड फुगवणीमुळे. पहाटे उघडायचं तर बेकरीवाल्याला मध्यरात्री उठावं लागतं, असा सर्वसाधारण समज आहे आणि पूर्वी तो खराच होता. पण संध्याकाळी मळलेलं पीठ आकार देऊन ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवलं तर यीस्टचं काम थांबत नाही, फक्त मंदावतं. रात्रभरात पीठ सावकाश फुगतं, चवही वाढते. सकाळी वहिनी माणसासारख्या वेळेला येतात आणि ट्रे थेट ओव्हनमध्ये सरकवतात. दार उघडायच्या वेळी रस्त्यापर्यंत वास गेलेला असतो. जाहिरातीवर आम्ही आजवर काही खर्च केलेला नाही, त्याचं श्रेय त्या वासाला.

गरम ब्रेड मात्र कापून देत नाही. यावरून काउंटरवर रोज एक तरी संवाद होतो. ओव्हनमधून निघतो तेव्हा आतला भाग ९५ अंशांच्या आसपास असतो आणि त्यातला स्टार्च अजून बसलेला नसतो. सुरी घातली की आतला मऊ भाग चिकट होऊन सुरीला लागतो आणि उरलेली लादी दबते. "भाऊजी, त्यांना सांगा, नुसता बघायला काही हरकत नाही," असं वहिनी आतून ओरडतात. गिऱ्हाईक हसतं आणि थांबतं. कॉफी घेतं, अर्थात.

दुसरा रोजचा विषय म्हणजे घरी नेलेला ब्रेड कसा ठेवावा. बहुतेकांचा हात सवयीने फ्रिजकडे जातो. ब्रेड शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बुसेंगो यांनी १८५२ सालीच दाखवून दिलं होतं : हवाबंद ठेवलेला, ओल न गमावलेला ब्रेडही कडक होतो, आणि ६० अंशांच्या वर गरम केला की परत मऊ पडतो. स्टार्चचे कण पुन्हा घट्ट रचले जातात म्हणून हे होतं, आणि फ्रिजच्या थंडाव्यात ही रचना सगळ्यात वेगाने होते. दोन दिवसांत संपणार असेल तर कापडात गुंडाळून बाहेर ठेवा, नाहीतर कापून सरळ फ्रीझरमध्ये. तिथे ती रचना जवळपास थांबते. हे आम्ही पिशवीवर छापून घेतलंय. लोक पिशवी वाचत नाहीत, तरी छापलंय.

कॉफी माझ्याकडे आली ती दुसरं कुणी नव्हतं म्हणून. एस्प्रेसो मशीनचा इतिहास म्हणजे घाईचा इतिहास आहे. मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली पेटंट घेतलं ते एकेक कप झटपट निघावा म्हणूनच. आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती वर साय धरणारी दाट कॉफी आली आणखी बऱ्याच वर्षांनी, अकिले गाज्जा यांच्या दांड्याच्या मशीनमधून, १९४८ च्या सुमाराला. दाब वाढला आणि चव पार पालटली. आता पंप ९ बारचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण नऊपट दाब देतो. १८ ग्रॅम पूड, साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. पुस्तकात हे इतकं सोपं आहे. प्रत्यक्षात रात्री पाऊस झाला की सकाळी तोच ग्राइंडर, तीच पूड आणि शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, रेंगाळतो किंवा धावतो. म्हणून पहिले दोन-तीन शॉट माझे. पितो, थुंकतो, ग्राइंडरची चकती जराशी फिरवतो, परत काढतो. दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवायचं. ७० च्या पुढे गेलं की त्याचा गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. ज्यांना उकळतीच कॉफी हवी असते त्यांना मी वाद न घालता उकळती देतो. कप त्यांचा आहे.

इटलीत बऱ्याच ठिकाणी काउंटरपाशी उभ्याने प्यायलेल्या कॉफीचा दर वेगळा आणि टेबलावर बसून प्यायलेल्या कॉफीचा वेगळा असतो. मला ही पद्धत फार प्रामाणिक वाटते. कारण आम्ही सगळेच खरं तर खुर्ची विकतो, कॉफी ही तिची पावती. व्हिएन्नातल्या जुन्या कॉफीघरांनी दुसरं टोक धरलं : एका कपावर तासन् तास बसा, वर्तमानपत्रं वाचा, सोबत पाण्याचा पेला येतच राहतो. त्या संस्कृतीची ऑस्ट्रियाने २०११ साली आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली. आम्ही व्हिएन्नाकडे झुकलो. पाणी न मागता येतं, बिल मागितल्याशिवाय येत नाही.

पण मग गर्दीच्या वेळी लॅपटॉप उघडून बसलेल्याचं काय? हा प्रश्न मला प्रत्येक कॅफेवाला विचारतो. काहींनी वायफाय बंद केलं, काहींनी भिंतीवर पाट्या लावल्या. पाटी लावली की ती वाचतो तो भलताच माणूस. कालच पहिल्यांदा आलेला, पाच मिनिटांत उठणारा. आम्ही पाटी न लावता सामान हलवलं. चार खुर्च्यांची टेबलं काढून सगळी दोघांची घेतली, चौघं आले की दोन जोडायची; एकटा माणूस चार जागा अडवतो हा प्रकार तिथेच संपला. प्लगपॉइंट फक्त मागच्या लांब टेबलाशी ठेवले. काम करणारे आपसूक तिथे जाऊन बसतात आणि एकमेकांकडे बघून बहुधा जास्त काम करतात. खिडकीची टेबलं गप्पांना मोकळी राहिली.

टेबल-खुर्चीत आम्ही बराच पैसा घातला आणि तो वसूल झाला. जेवायच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंटीमीटर आणि बैठकीची ४५, यात दोन-चार सेंटीमीटरचा फरक पडला तरी माणूस का कोण जाणे लवकर उठतो. डुगडुगणारं टेबल तर आमच्याकडे गुन्हा आहे. पायाखाली कागदाची घडी सारायची नाही. प्रत्येक पायाला स्क्रूचा बूट आहे, सकाळी झाडू मारणाराच टेबल हलवून बघतो आणि बूट फिरवतो.

आवाजाचं प्रकरण उशिरा लक्षात आलं. फरशी, काच, उघडं छत, फोटोत सगळं सुंदर. पण दुकान अर्धं भरलं की कलकलाट. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, फ्रेंच डॉक्टर एटिएन लोम्बार यांनी १९११ साली हे मांडून ठेवलंय; शेजारच्याने चढवला की आपणही चढवतो, मग त्याला अजून चढवावा लागतो. म्हातारी माणसं यात पहिली गळतात. त्यांना ऐकू येत नाही आणि तसं ती बोलूनही दाखवत नाहीत, फक्त यायची बंद होतात. सकाळी आमच्या अर्ध्या खुर्च्या त्यांच्यावरच भरतात. छताखाली लोकरीची जाड पॅनेलं टांगली, खुर्च्यांच्या पायांना नमदा लावला, ग्राइंडर आडोशाला नेला. गाणी लावतो, पण शब्द ऐकू येणार नाहीत इतकीच.

माणसांबद्दल थोडं. काउंटरवर नवीन येणाऱ्याला मी मशीन नंतर शिकवतो, आधी चेहरे. कोण बिनसाखरेची घेतो, कोणाला भिंतीकडे पाठ करून बसायला आवडतं. पण "नेहमीचंच ना?" हे वाक्य जपून वापरायचं. काही जण त्याने खूश होतात, काही जण ओशाळतात, आपण रोज इथे पडीक असतो हे कुणी मोजतंय म्हणून. कोण कुठल्या गटातला, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळतं. ज्या मुलाला ते पहिल्या आठवड्यात कळलं त्याचा पगार मी न मागता वाढवला.

२०२० साली खुर्च्याच विकता येईनात. तेव्हा ब्रेडने हात दिला. दाराच्या खिडकीतून लाद्या विकल्या, शेजारच्या एका रेस्टॉरंटला बन द्यायला लागलो. ते अजूनही चालू आहे. आता त्यांची रोजची ठरलेली मागणी असल्याने पहिला घाणा कधी रिकामा जात नाही. घरपोच ॲपवरही गेलो. बिलाचा मोठा वाटा कमिशनमध्ये जातो, तक्रार आली की पैसे परस्पर परत केले जातात आणि आपल्याला नुसता मेसेज येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ब्रेड प्रवास करतो, कॉफीचा फेस करत नाही. रस्त्यात तो बसतो आणि गिऱ्हाईकाच्या हातात कोमट दूध पडतं, वर आमचं नाव छापलेलं. ॲपवर आता फक्त ब्रेड, बन आणि कुकीज ठेवल्यात.

रात्रीचं जेवण सुरू करा, असं बरेच जण सुचवतात. रात्री माणूस पोटभर जेवायला येतो, घोळक्याने येतो, वाट बघायची त्याची तयारी नसते. त्याला वेगळं स्वयंपाकघर लागतं, वेगळी माणसं लागतात. बन नेणारे शेजारी ते उत्तम करतात. त्यांच्याकडून निघालेली मंडळी सकाळी आमच्याकडे येतात, आमच्याकडे रात्री काय मिळेल विचारणाऱ्यांना आम्ही त्यांचा दरवाजा दाखवतो.

सध्या वाद चालू आहे तो मागच्या भिंतीजवळच्या दोन टेबलांवरून. वहिनींना तिथे दगडी बुडाचं दुसरं ओव्हन हवंय. आताच्या पंख्याच्या ओव्हनमध्ये ब्रेडचं बूड हवं तसं भाजलं जात नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही पटतं. पण त्याच दोन टेबलांवर दुपारी तीनच्या सुमाराला एकटी बसणारी माणसं येतात, आणि ती दुसरीकडे बसत नाहीत. वहिनी म्हणतात, ब्रेड चांगला झाला तर ती उभ्यानेही येतील. मी म्हणतो, टेप आणा, आधी मोजू. मोजलं, ओव्हनला बारा सेंटीमीटर कमी पडतायत. आता वहिनी भिंतीपलीकडच्या गाळेवाल्याशी बोलून आल्यात.