कॅट स्कोअर २२ वरून १९ झाला, पण बरं वाटतंय का?

सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होऊन कायम दम लागणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराच्या) पेशंटचा पंप (तोंडानं ओढायचं औषध) बदलला, दोन-तीन महिन्यांनी फुंकायची तपासणी केली आणि एफईव्ही-१, म्हणजे जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, जिथल्या तिथे. घरचे लगेच म्हणतात, औषधाचा काही उपयोग नाही. पण त्या आकड्याचं आणि रोजच्या जगण्याचं नातं बरंच सैल असतं. फुप्फुसांच्या पुनर्वसनाचे व्यायाम केले तर एफईव्ही-१ जवळपास हलत नाही, तरी माणूस जास्त चालतो आणि कमी थकतो. म्हणून जगण्याचं माप वेगळं घ्यावं लागतं.

ओपीडीत त्यासाठी सगळ्यात सोयीचा कॅट, म्हणजे पेशंटनं स्वतः भरायची छोटी प्रश्नावली. आठ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, एकूण ४०: खोकला, कफ, छाती आवळणं, चढ किंवा एक जिना चढताना लागणारा दम, घरातली कामं, बाहेर पडण्याची हिंमत, झोप, अंगातली ताकद. आकडा मोठा तितका त्रास जास्त. निदान २ गुणांचा फरक पडला तरच तो मोजायचा. सेंट जॉर्जेसचा ५० प्रश्नांचा फॉर्म ० ते १०० मध्ये मोजतो, तिथे हाच उंबरठा ४ चा. सीआरक्यू हा अशाच प्रश्नांचा तिसरा फॉर्म मात्र उलटा चालतो: १ ते ७ च्या मापात आकडा वाढला की बरं, आणि ०.५ पुरे. एकाच फाइलमध्ये दोन्ही असले की ‘वाढला’ हा शब्द हमखास घोळ घालतो.

हे उंबरठे गटांच्या सरासरीवरून ठरलेले आहेत. एकट्या पेशंटचा कॅट काहीही न बदलता २ गुणांनी हलू शकतो. तेव्हा पुढच्या खेपेलाही फरक टिकतो का, ते बघायचं.

आता एकूण बाजूला ठेवून आत डोकवा. समजा २२ चे १९ झाले: जिन्याच्या प्रश्नाला ४ होते तिथे २, झोपेला २ होते तिथे १, बाकी सगळं तसंच. छान? विचारा, ‘शेवटचा जिना कधी चढलात?’ उत्तर येतं, ‘आता लिफ्टनंच जातो.’ म्हणजे दम कमी झाला नाही, दम लागेल असं काम बंद झालं. चुलीच्या धुरानं सीओपीडी झालेल्या बायकांच्या बाबतीत पाचव्या प्रश्नाचं हेच होतं. पाणी भरणं, धुणं सुनेकडे गेलेलं असतं आणि बाई सांगतात, ‘कामाचा काही त्रास नाही.’ खरं तर हा ऱ्हास, कागदावर तो सुधारणा म्हणून उतरतो. म्हणून आकड्याशेजारी एक ओळ लिहावी: कुठपर्यंत चालतात, किती जिने, कोणती कामं स्वतः करतात.

फॉर्म पेशंटनंच भरावा. मुलगा शेजारी बसून ‘अहो बाबा, ४ द्या’ म्हणाला की तो स्कोअर मुलाचा. वाचता येत नसेल तर प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवावा, समजावून सांगायला जाऊ नये. डॉक्टरांना भेटण्याआधी भरावा, कारण ‘रिपोर्ट चांगलाय’ ऐकल्यावर पेन आपोआप डावीकडे सरकतं. छाती भरून त्रास अचानक वाढलेला असताना भरलेला फॉर्म सुरुवातीचा आकडा म्हणून धरू नये, नाहीतर पुढचं कुठलंही औषध गुणकारीच ठरेल.

जोडीला सहा मिनिटांची चाल, म्हणजे तेवढ्या वेळात माणूस किती मीटर चालतो ते मोजायचं. इथे साधारण ३० मीटरचा फरक अर्थाचा. मात्र पहिल्यापेक्षा दुसऱ्या खेपेला माणूस नुसत्या सवयीनंच सरासरी २५ मीटरच्या आसपास जास्त चालतो. म्हणून सुरुवातीलाच मध्ये अर्धा तास बसवून दोनदा चालवायचं आणि मोठा आकडा धरायचा. मार्ग ३० मीटरचा सरळ हवा. १० मीटरच्या पॅसेजमध्ये सारखं वळण्यातच वेळ जातो. काठी, ऑक्सिजनचे लिटर, चपला की बूट, पंप घेऊन किती वेळ झाला, हे सगळं दोन्ही वेळी सारखं असावं आणि आकड्याच्या खाली लिहिलेलं असावं.