जिल्हा बीदर, तालुका उदगीर

आमच्या तहसीलच्या अभिलेख कक्षाची चावी गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. जुलैत तिथं प्रवेशाच्या पोरांची आणि त्यांच्या आईबापांची रीघ लागते. कुणाला जुना फेरफार हवा असतो, कुणाला खासरा पत्रकाची नक्कल. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सोमवारी आलेल्या माणसानं मात्र नक्कल मागितली नाही. दारातूनच म्हणाला, “मॅडम, आमचं गाव कर्नाटकात हाय म्हणलालेत. तुम्ही तरी बघा की.”

त्याच्या मागं मुलगी उभी होती. बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागलेली. फाईलमध्ये जात पडताळणीच्या अर्जावर निघालेला त्रुटीचा कागद होता. वैधता प्रमाणपत्र जोडायला अकरा दिवस उरले होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक धरतात. त्या दिवशी कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होतं हे दाखवावं लागतं. पुरावा म्हणून त्यांनी आजोबांच्या शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीतला उतारा दिला होता. त्यात गावाच्या नावापुढे लिहिलेलं होतं: तालुका उदगीर, जिल्हा बीदर. तेवढ्यावरून शेरा पडला होता की कुटुंब परराज्यातून स्थलांतरित दिसते.

मी तो शेरा तीनदा वाचला. राग आला, कारण लिहिणाऱ्यानं नकाशावर आजचं बीदर शोधलं होतं, १९५० चं नाही. त्या तारखेला महाराष्ट्र राज्यच नव्हतं. कर्नाटक हे नाव तर १९७३ साली आलं. बीदर आणि उदगीर दोन्ही हैदराबाद राज्यात होते आणि उदगीर बीदर जिल्ह्याचा तालुका होता.

पण राग सांगून काम होत नाही, कागद लागतो. आणि उताऱ्यात आणखी एक अडचण होती. प्रवेशाच्या सालाच्या रकान्यात १३५८ लिहिलं होतं. मूळ नोंदवही उर्दूत, नक्कल करणाऱ्या गुरुजींनी आकडा तसाच उतरवलेला. आमच्या गावातल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे मी मूळ पानाचा फोटो घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि बोट ठेवत वाचलं, “ज़िला बीदर. साल फसली, बेटा. यात ५९० मिळवा.” फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल. इसवी सनात १९४८-४९. पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं त्याच सुमाराला तो पोरगा शाळेत गेला होता. शाई तपकिरी झाली होती, पण जातीचा रकाना आणि गावाचं नाव स्वच्छ होतं. त्यांनी उर्दू ओळीखाली मराठी लिप्यंतर लिहून सही केली. चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

मग कायदा. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं कलम ८ मी छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर त्या बापलेकींसमोर ठेवलं. मुंबई राज्यात काय काय येणार त्याची यादी आहे त्यात. औरंगाबाद, परभणी, भीर म्हणजे आजचं बीड, उस्मानाबाद हे जिल्हे, नांदेड थोडं कापून, आदिलाबादेतून किनवट आणि राजुरा, आणि बीदर जिल्ह्यातले तीन तालुके: अहमदपूर, निलंगा, उदगीर. मुलीनं ‘उदगीर’ शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. तिचा बाप काही बोलला नाही, फक्त तो कागद स्वतःकडे ओढून घेतला.

त्या एका कलमात किती घरं इकडची तिकडं झाली असतील, याचा विचार मी त्यापूर्वी केला नव्हता. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. भालकी, औराद म्हैसूर राज्याकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे राहिले. तिथं मराठी बोलणारी, आमच्याकडं लेकी दिलेली माणसं आहेत. त्यांच्या पोरांनाही तिकडच्या कुठल्या तरी टेबलावर उलटा खुलासा द्यावा लागत असणार.

आणि गोष्ट १९५६ वर थांबत नाही. उदगीर आधी उस्मानाबाद जिल्ह्यात गेलं. ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आलं. १९९९ साली आमचा तालुका उदगीरमधून वेगळा निघाला. मुलीच्या आजोबांचा शाळेचा उतारा बीदरचा, वडिलांचा जन्माचा दाखला उस्मानाबादचा, तिचा स्वतःचा लातूरचा, आणि उस्मानाबादचं नाव आता धाराशिव. तिघांच्या घराच्या भिंती त्याच आहेत.

मी जिल्हे फोडण्याच्या विरोधात नाही, हे इथं स्पष्ट लिहिते. तो माणूसच सांगत होता, त्याचे वडील कोर्टाच्या तारखेला उस्मानाबादला जायचे तेव्हा भाकरी बांधून पहाटेच्या एसटीनं निघायचे, मुक्काम पडायचा, मजुरीचे दोन दिवस बुडायचे. उदगीरहून लातूर गाठायचं आणि तिथून पुढं जवळपास तेवढाच रस्ता. गरिबाला ते परवडत नव्हतं. जालना, लातूर, हिंगोली हे जिल्हे झाले, त्यानं मराठवाड्यातल्या लाखो माणसांची पायपीट वाचली. १९६० साली राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. शेजारच्या तेलंगणानं तर दहाचे तेहतीस केले. उदगीर जिल्ह्याची मागणीही जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. राज्याची हद्द बदलायला संसदेचा कायदा लागतो, संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानं. जिल्ह्याला जमीन महसूल संहितेखाली राज्य सरकारची अधिसूचना पुरते. आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती ऐकायच्या, मग राजपत्र.

माझं म्हणणं दप्तराबद्दल आहे. हद्द एका तारखेला बदलते, गठ्ठे मात्र बदलत नाहीत. आमच्या तालुक्याची जुनी बरीचशी कागदं आजही उदगीरला आहेत, काही धाराशिवला, त्याआधीची बीदर आणि हैदराबादला. नवा जिल्हा होतो तेव्हा इमारत, पदं, गाड्या यांची चर्चा होते. कोणते गठ्ठे कधी, कुणाच्या सहीनं नव्या जागी येणार, हे कुणी विचारत नाही. आणि जुन्या नावाचं आजचं नाव कोणतं, हे गावकऱ्याला लिहून कुणी देत नाही. ते सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर पडतं. त्या मुलीच्या बापानं चार दिवसांची मजुरी आणि बसभाडं घालवलं, ते या एका ओळीसाठी.

तहसीलदार साहेबांनी पत्रावर सही केली. सदर गाव १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते व त्या तारखेपासून मुंबई, पुढे महाराष्ट्र राज्यात आहे. सोबत कलम ८ ची प्रत, लिप्यंतर, शाळेचा उतारा. सुनावणीत ते मान्य झालं. मुदतीच्या दोन दिवस आधी मुलीचा फोन आला. आधी काही वेळ नुसती रडतच होती.

त्याच आठवड्यात मी आमच्या तालुक्यातल्या सगळ्या गावांची यादी टाईप केली. प्रत्येक गावापुढं चार रकाने: १९५६ पूर्वी, १९८२ पर्यंत, १९९९ पर्यंत, आज. पाचवा रकाना कोरा ठेवला. साहेबांची सही घेऊन ती यादी खिडकीशेजारी चिकटवली आणि प्रत्येक तलाठ्याला एकेक प्रत पाठवली.

श्रावणात तो माणूस पेढे घेऊन आला. यादीसमोर उभा राहून बोटानं खाली खाली येत आपलं गाव शोधलं, ओळ पूर्ण वाचली. मग खिडकीत आला आणि म्हणाला, “मॅडम, ह्याच्या दोन झेरॉक्स द्या की. भावाची पोरं यंदा दहावीला हायत.”