लुक्लाचे १५ किलो: काटा कुठे सैल, कुठे कडक

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्यांसाठी लिहितोय. बहुतेकांचा हा ट्रेक नेपाळच्या डोंगरातल्या लुक्ला गावापासून सुरू होतो, आणि तिथे छोट्या विमानाने जातात. नामचेची चढण, उंचीचा त्रास, त्यावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी की नाही, यावर लोकांनी रग्गड लिहून ठेवलंय, ते तिकडे वाचा. मी फक्त सामानाच्या वजनावर बोलणार, कारण अख्ख्या प्रवासात डोकं फिरलं ते तिथेच. निघण्याआधी जो भेटला त्याने हेच सांगितलं, "बिनधास्त न्या हो, कोणी मोजत नाही." पुणे-दिल्लीपुरतं हे निम्मं खरं. लुक्लाचं विमान जिथून पकडलं त्या मंथलीला साफ खोटं.

आधी पुण्याचं उरकतो. पुणे-दिल्ली आणि दिल्ली-काठमांडू अशी सुटी तिकिटं काढली होती, स्वस्त पडत होती म्हणून. पहिल्यावर १५ किलो, दुसऱ्यावर २०. एकाच पीएनआरवर दोन्ही टप्पे असले तर साधारणपणे आंतरराष्ट्रीय मर्यादा पुण्यापासूनच धरतात. तिकिटं सुटी असली की प्रत्येक टप्प्याचा नियम वेगळा, त्यामुळे बॅग भरताना सगळ्यात लहान आकडाच धरायचा.

काउंटरवर माझी डफल, म्हणजे मऊ कापडाची लांबट बॅग, १५.७ भरली. मुलीने आकड्याकडे एक नजर टाकली, टॅग लावला, बॅग गेली. मागच्या मित्राची १७.२. "सर, दोन किलो काढा, नाहीतर त्या काउंटरला पैसे भरून या." त्याने तिथेच फरशीवर बसकण मारली, डफलमधले ट्रेकिंगचे बूट पायात चढवले, डाउन जॅकेट अंगात घातलं आणि मे महिन्याच्या उकाड्यात घामाघूम होऊन परत रांगेत उभा राहिला. १५.३. गेली. थोडक्यात, मोठ्या विमानाला अर्धा-पाऊण किलो सोडतात, दोन किलो सोडत नाहीत, आणि अंगावरचं कोणी मोजत नाही.

आकाराचं म्हणाल तर लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर हा बहुतेक कंपन्यांचा नियम. टेप घेऊन उभा असलेला माणूस मला ना पुण्यात दिसला, ना दिल्लीत. सॅक अडवतात ती लोंबत्या पट्ट्यांमुळे. बेल्टमध्ये पट्टे अडकतात, म्हणून सॅक वेगळ्या काउंटरला घेऊन जायला सांगतात आणि पुन्हा रांग लागते. पट्टे आत कोंबा किंवा सॅकला वरून एक गोणपाट घाला. ट्रेकिंग पोल डफलमध्येच, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. पॉवर बँक उलट: ती हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये सापडली तर बॅग उघडायला लावतात. गॅसचा डबा कुठेच चालत नाही.

आता मंथली. गर्दीच्या मोसमात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून उडतच नाहीत, तिथल्या धावपट्टीवर आधीच गर्दी असते. मग रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीला जावं लागतं, सव्वाशे-दीडशे किलोमीटर, रात्री एक-दोनला काठमांडू सोडून. २०२४च्या सप्टेंबरमधल्या पुराने या बी. पी. महामार्गाची पार वाट लावली. आम्ही गेलो तेव्हाही गाडी कुठे कुठे नदीच्या पात्रातून चालली होती. झोपेची आशा सोडा.

काठमांडूतल्या ठमेल या पर्यटकांच्या भागातल्या ट्रॅव्हलवाल्याला दोनदा विचारलं होतं, "दाई, वजनाचं काय?" तो हसून म्हणाला, "हुन्छ, हुन्छ." म्हणजे चालेल, चालेल. पहाटे मंथलीला पोचलो तर काउंटरपुढे प्लॅटफॉर्म काटा आणि त्यावर सगळं एकदम ठेवायचं: डफल, पाठीवरची सॅक, कंबरेचा पाऊचसुद्धा. लुक्लाच्या तिकिटावर एकूण १५ किलो असतात, १० चेक-इन आणि ५ हातात. आपल्याकडे हातातल्या बॅगेकडे काणाडोळा करतात, तीच सवय इथे नडते. माझी डफल ११.८, सॅक ७.१. म्हणजे जवळपास ४ किलो जास्त.

तेवढ्यात एक जाकीटवाला पुढे आला. गळ्यात ओळखपत्र नाही, हातात वही नाही. किलोमागे २०० नेपाळी रुपये म्हणाला, म्हणजे ८०० झाले. नेपाळी १६० म्हणजे आपले १००, हा दर ठरलेला आहे, तेव्हा आपले ५००. मी पाकीट काढलंच होतं, पण आमच्यातले काका, आयुष्य बँकेत गेलेला माणूस, म्हणाले, "पावती दे, मग पैसे." तो म्हणाला, पावती नंतर. काका म्हणाले, मग पैसेही नंतर. वीस मिनिटं हे चाललं, मागची रांग वैतागली. शेवटी काकांनी काउंटरच्या आतल्या माणसालाच हाक मारली, तर किलोला १००, छापील पावतीसह. आपले २५० वाचले. एवढ्यासाठी एवढा तमाशा? हो. रोज सकाळी किती जण ते निमूट देत असतील ते बघा. पैसे काउंटरच्या आत द्या, पावती हातात आल्याशिवाय काट्यापासून हलू नका.

बरं, पैसे भरले म्हणून सामान आपल्याबरोबर येतं असंही नाही. जादा सामान जागा असेल त्या विमानाने येतं. आमच्या दोन डफल दोन तासांनी आल्या, एक तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाइड तिच्यासाठी लुक्लालाच थांबला आणि मागून आमच्या पुढच्या मुक्कामाला, फाकडिंगला आला. काठमांडूत हे कोणी सांगत नाही.

कडकपणाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर, समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटरवर, आणि चढावर बांधलेली: उतरताना चढण, उडताना उतार. हवा विरळ, विमान वीसेक माणसांचंही नाही. तिथे दर माणशी ४ किलो जास्त म्हणजे एका आख्ख्या माणसाचं वजन वाढलं. आकारही इथेच आडवा येतो, टेपविना. सामान भरणारा पोरगा गुडघ्याने दाबून डफल आत सारत होता. दुसऱ्या ग्रुपमधल्या बाईंची कडक ट्रॉली त्याने दोनदा फिरवून पाहिली आणि सरळ बाजूला ठेवली. चाकाची बॅग इकडे आणूच नका.

ट्रेक उत्तम झाला. परतीला खाऊ संपलेला, माझं सगळं मिळून १३ भरलं, कोणी काही बोललं नाही.

आता काय न्यायचं. स्लीपिंग बॅग ठमेलला भाड्याने मिळते, पण घेताना तिचंही वजन करून घ्या. शहरातले कपडे काठमांडूच्या हॉटेलात ठेवा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. घरचा खाऊ हा खरा चोर आहे: आमच्या एकाकडे चकली, लाडू, चिवडा मिळून साडेतीन किलो निघाले. वाटेत मुक्कामाच्या प्रत्येक टी-हाउसमध्ये डाळभात मिळतो. चिक्की आणि खारे दाणे, किलोभर, बस. हुकाला लटकवायचा छोटा वजनकाटा घ्या आणि काठमांडू सोडण्याआधी सगळ्यांचं सगळं मोजा, पाऊचसकट. पैसे भरून जादा सामान लुक्लापर्यंत पोचवलंत तरी पुढे ते पोर्टरच्या पाठीवर जातं. दोघांत एक पोर्टर असेल तर ३० किलोच्या वर टाकू नका, मग तो स्वतः हो म्हणाला तरी.

डाउन जॅकेट, टोपी, औषधं, हेडटॉर्च आणि मोज्यांची एक जोडी डफलमध्ये टाकू नका, डफल मागे राहिली तर अडाल. जॅकेट अंगात, बाकीचं पाठीवरच्या सॅकमध्ये.