तुम्ही विचारलंत म्हणून: डार्कनेटवर कोण कोणाच्या भरवशावर पैसे भरतं

मी कोल्हापुरात डिप्लोमाच्या पोरांना नेटवर्किंग शिकवते. दरवर्षी टॉरचा, म्हणजे नेटवर आपली ओळख लपवणाऱ्या सॉफ्टवेअरचा टॉपिक आला की मागच्या बाकावरून एक प्रश्न येतोच, हल्ली पालकही विचारतात, परवा तर एका लग्नात पंगतीला बसल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं. की त्या डार्कनेटच्या, म्हणजे टॉरसारख्या सॉफ्टवेअरमधूनच उघडणाऱ्या लपलेल्या साइटच्या बाजारात समोरच्याचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, फसवलं तर पोलिसात जायची सोय नाही, मग लोक पैसे भरतातच कसे? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण वर्गात दहा मिनिटांत हे होत नाही आणि अर्धवट ऐकलं की पोरांना वाटतं ती जागा एकदम सेफ आहे.

सिल्क रोड नावाच्या डार्कनेट बाजारापासून धरू. २०११ च्या सुरुवातीला रॉस उल्ब्रिक्ट नावाच्या अमेरिकन तरुणाने तो सुरू केला, मुख्यतः ड्रग्ज विकायला. टॉरमुळे कोण कुठून बघतंय ते लपायचं आणि पैसे बिटकॉइनमध्ये. पण नुसतं लपून धंदा होत नाही हो, धंद्याला भरवसा लागतो. म्हणून त्याने दोन गोष्टी आणल्या, खरं तर आपल्या रोजच्या ऑनलाइन शॉपिंगमधूनच उचलल्या. एक रेटिंग, म्हणजे माल मिळाल्यावर गिऱ्हाइकाने स्टार द्यायचे. दुसरं एस्क्रो, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे थेट विकणाऱ्याकडे जात नाहीत, साइट मध्ये धरून ठेवते, माल पोचला असं गिऱ्हाइकाने सांगितलं की मग सोडते, भांडण झालं तर निवाडाही साइटच करते.

मला हे समजवायला भिशी बरी पडते. आमच्या गल्लीत आई भिशी लावायची, पैसे एका काकूंकडे जमा व्हायचे, वही त्यांच्याकडे, चिठ्ठ्या त्यांच्या घरी निघायच्या. अख्ख्या गल्लीचा पैसा एका बाईच्या कपाटात. पण त्या काकूंचं घर माहीत होतं, त्यांचा मुलगा आमच्या शाळेत होता, त्या कुठे जाणार होत्या? डार्कनेटच्या एस्क्रोत कपाट तेच, वहीपण तीच, फक्त काकू कोण ते कुणालाच माहीत नाही.

त्यामुळे व्हायचं तेच झालं. एव्होल्यूशन नावाचा बाजार होता, चांगला चालायचा, साइट पटकन उघडायची, लोक त्याचं कौतुक करायचे. मार्च २०१५ मध्ये अॅडमिननी एस्क्रोतले सुमारे १ कोटी २० लाख डॉलर घेऊन पोबारा केला. लोकांनी रांगेने पैसे भरलेले, विकणाऱ्यांचा माल आधीच गेलेला, आणि तक्रार करायची कुणाकडे? याला तिकडे एक्झिट स्कॅम म्हणतात, इतक्या वेळा झालंय की त्याला नाव पडलंय.

मग हुशार लोकांनी यावर तोड काढली, मल्टिसिग. बँकेच्या लॉकरसारखं, एका किल्लीने उघडत नाही, दोन लागतात, म्हणजे एकट्या अॅडमिनला गल्ला उचलून पळता येत नाही. पत्ता लिहिलेला मेसेज लॉक करायला पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर होतंच, त्यात आपण आपलं उघडं कुलूप सगळ्यांना वाटायचं आणि किल्ली फक्त स्वतःकडे ठेवायची, ज्याला आपल्याला काही पाठवायचंय त्याने ते कुलूप लावून पाठवायचं. गणित पक्कं आहे, ते मी वर्गात शिकवते आणि ते तोडता येत नाही हेही सांगते. पण कुलूप लावायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी साइटनेच बटण दिलं, तुम्ही साधा मेसेज टाका, लॉक आम्ही करतो. हे बटण लक्षात ठेवा.

आता हान्सा. मल्टिसिगमुळे हा बाजार पळून जाणार नाही अशी त्याची ख्याती होती. २० जून २०१७ ला डच पोलिसांनी तो ताब्यात घेतला, चालवणारे दोघे जर्मनीत पकडले गेले, आणि पोलिसांनी तो बंद केला नाही. चालवला. २७ दिवस. पोलीसच अॅडमिन म्हणून बसले, भांडणं सोडवत होते, गिऱ्हाइकांना उत्तरं देत होते आणि कुणाला पत्ता नाही. दरम्यान जुलैच्या सुरुवातीला अल्फाबे हा तेव्हाचा सगळ्यात मोठा बाजार अचानक बंद पडला, तो चालवणारा कॅनडाचा माणूस बँकॉकमध्ये पकडला गेला होता (त्याच्या साइटच्या सुरुवातीच्या वेलकम ईमेलमध्ये त्याचा स्वतःचा हॉटमेलचा पत्ता राहून गेला होता, एवढ्यावरून धागा लागला). अल्फाबेचे लोक घाबरले आणि विश्वासाची जागा म्हणून लोंढ्याने हान्सावर आले. आगीतून फुफाट्यात. गर्दी एवढी झाली की पोलिसांना नवीन नोंदणी काही दिवस थांबवावी लागली.

आणि ते बटण. पोलिसांनी कोड बदलला, मेसेज लॉक व्हायच्या आधी त्याची कॉपी त्यांच्याकडे जायची, मग लॉक होऊन पुढे. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर सगळं नेहमीसारखं. पीजीपी कुणी तोडलं नाही हो, कुलूप शाबूत होतं, पण ते लावायला ज्याच्या हातात दिलं तो माणूस बदलला होता. सुमारे १०,००० परदेशी पत्ते असे गोळा होऊन युरोपोलकडे, म्हणजे युरोपातल्या देशांच्या पोलिसांच्या सामायिक संस्थेकडे गेले. फोटोंचं तर बघा, मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची नोंद असते, ती हान्साची साइट आपोआप पुसायची. पोलिसांनी ते पुसणं बंद केलं, मग सर्व्हरला प्रॉब्लेम आला असं दाखवून जुने फोटो उडवले, विकणाऱ्यांनी मालाचे फोटो परत टाकले आणि पन्नासहून जास्त ठिकाणं नकाशावर उमटली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नाही, पोलिसांचं चूक वाटलं म्हणून नाही, तर आपण सगळेच रोज कितीतरी ठिकाणी असं बटण दाबून मोकळे होतो म्हणून.

पोलिसांवर तरी डोळे मिटून भरवसा ठेवावा का, तर तिथेही कुंपणाने शेत खाल्लंय. सिल्क रोडच्या तपासातले दोन अमेरिकन अधिकारी, कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस, दोघांनी त्या केसमध्ये बिटकॉइन लाटले, ब्रिजेसने तर सिल्क रोडच्याच, अटक झालेल्या एका कर्मचाऱ्याचं अॅडमिन लॉगिन वापरून विक्रेत्यांची खाती साफ केली. २०१५ मध्ये एकाला साडेसहा वर्षं आणि दुसऱ्याला जवळपास सहा वर्षं शिक्षा झाली. तो बाजार चालवणारा उल्ब्रिक्ट १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पब्लिक लायब्ररीत सापडला. लॅपटॉप उघडा, अॅडमिन म्हणून लॉगिन. मागे एका जोडप्याने मोठ्याने भांडण काढलं, त्याने मान वळवली, तेवढ्यात पुढ्यातला लॅपटॉप उचलला गेला. भांडणारे दोघेही एजंट होते. एन्क्रिप्शन, टॉर, सगळं जागच्या जागी, पण लॅपटॉप उघडा सापडला की त्याचा काय उपयोग. त्याला जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली.

कुणी म्हणेल हे जुनं झालं. मार्च २०२४ चं सांगते. इन्कॉग्निटो नावाच्या बाजाराने आधी लोकांचे पैसे अडकवले आणि मग गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांनाच धमकी दिली, की तुमचे मेसेज, तुमच्या ऑर्डरी आमच्याकडे आहेत, डिलीट होतात असं सांगितलं होतं ते झालेले नाहीत, आमच्या लॉकच्या बटणावर तुम्ही विसंबलात, आता पैसे द्या नाहीतर सगळं जाहीर करतो. १०० डॉलरपासून २०,००० डॉलरपर्यंत मागणी. मे महिन्यात न्यूयॉर्कच्या विमानतळावर तो चालवणारा पकडला, तैवानचा, वय २३. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. सेंट लुशिया या छोट्या कॅरिबियन देशाच्या पोलिसांना सायबर गुन्ह्यांचं आणि क्रिप्टोचं ट्रेनिंगही त्याने दिलं होतं. इतकं डोकं आणि इतकं शिक्षण ज्या कामाला लागलं त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तो माल कुणाच्या तरी पोराच्या पोटात गेलाय आणि रेटिंगच्या पाच स्टारमध्ये तो पोरगा कुठेच दिसत नाही.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात वर्गात सांगितलं. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा, ज्याने प्रश्न विचारला होता तोच, मोबाइल घेऊन टेबलापाशी आला आणि म्हणाला, मॅडम, फोटोतली ती जागा कुठे दिसते? गॅलरीतला एक फोटो उघडून माहिती बघायला सांगितली. बहिणीच्या वाढदिवसाचा केक, आणि खाली छोट्या नकाशावर रंकाळ्याजवळची त्याची गल्ली, बरोब्बर त्याच्या बिल्डिंगवर टाचणी. तो म्हणाला, हा तर मी डॉक्युमेंट म्हणून ग्रुपवर टाकलाय (तसा पाठवला की जागेची नोंदही फोटोसोबत जाते). मग आम्ही दोघांनी बसून आधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं, नंतर एकेक फोटो उघडून ते पुसत बसलो, चाळीसेक झाले असतील, तोवर शिपाईमामा वर्ग बंद करायला आले.