आजींचं लुगडं आणि उजवा खांदा

खांदा मोडलेला पेशंट आला की मी त्याला हात उचलायला सांगत नाही, वाकायला सांगते. चांगला हात टेबलावर टेकवायचा, कमरेतून वाकायचं आणि दुखरा हात नुसता लोंबू द्यायचा. अंग जेवढं वाकेल तेवढा खांदा आपोआप उघडतो. पूर्ण वाकलात तर हात समोर ९० अंश उचलल्यासारखंच झालं, उचलायचे कष्ट मात्र नाहीत. मग अंग हळूच मागेपुढे झुलवायचं. हात त्याच्यामागून येतो. बोस्टनचे सर्जन कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. हाड फारसं सरकलेलं नसेल तर मोडल्यापासून एक-दोन आठवड्यांत डॉक्टरांना विचारून तो सुरू करायचा असतो. उशीर केला की सांध्याभोवतीचं आवरण आखडत जातं.

या आजी पाचव्या आठवड्यात आल्या. साताऱ्याकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. भादव्यात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरून उजव्या अंगावर पडल्या होत्या. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा आणि खालची नळी यांच्या मधल्या मानेवर फ्रॅक्चर. या वयात बायकांचं हे नेहमीचं हाड. डॉक्टरांच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं : दोन आठवड्यांनी फिजिओ. "ती ऐकतच नाही मॅडम, घाबरट झालीय," मुलगा म्हणाला. तेवढ्यात त्याने आणखी एक विचारून घेतलं, ऑपरेशन केलं असतं तर लवकर सुटलो असतो का? मी एक्स-रे दाखवला. तुकडे एक सेंटीमीटरहून जास्त सरकले किंवा ४५ अंशांहून जास्त वाकले, तर ते सरकलेलं फ्रॅक्चर धरतात. १९७० पासून अमेरिकन सर्जन नीअर यांचं हे माप चालत आलंय. आजींचं त्यात बसत नव्हतं. शिवाय ब्रिटनमध्ये सरकलेल्या फ्रॅक्चरच्या अडीचशे पेशंटवर अभ्यास झाला, २०१५ साली तो छापून आला. ऑपरेशन केलेले आणि न केलेले, दोन वर्षांनी दोघांच्या हातात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे बोलताना माझं लक्ष आजींच्या शालीकडे होतं. ऑक्टोबरची दुपार, डोक्यावर पत्रा, पंखा गरम हवा फेकतोय, आणि या गळ्यापर्यंत शाल लपेटून बसलेल्या. कपाळावरून घाम ओघळत होता, तरी डाव्या मुठीतून शालीचं टोक सुटत नव्हतं. तापही नव्हता. शाल काढा म्हटल्यावर त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. त्याला मी बाहेर चहाला पाठवलं.

शालीखाली गाऊन होता. फुलाफुलांचा, नवा, सुनेने आणलेला.

"ह्या पिशवीत घालून मला गावातनं आणलीया," आजी म्हणाल्या. "चार माणसांत कशी येऊ गं पोरी? जलमभर लुगडं नेसले मी."

सून नेसवत नाही का, तर सुनेला नऊवारी येत नाही. येत असती तरी, "कासोटा काय सुनंकडनं घालून घेऊ?" घरात नेसवणारं कुणी नाही, स्वतःचा हात चालत नाही, आणि गाऊनमध्ये उंबरठ्याबाहेर पडायचं नाही. फिजिओ राहिली ती एवढ्यासाठी. घाबरटपणाचा काही संबंध नव्हता. दुखण्याबद्दल तर त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

त्या दिवशी तपासून घेतलं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कापूस फिरवला, संवेदना शाबूत होती. तिथली नस या फ्रॅक्चरमध्ये दुखावू शकते, म्हणून हे बघावंच लागतं. बोटं सुजलेली, कोपर पुरतं सरळ होत नव्हतं, काखेत घामाने कातडी सोलवटलेली. निजवून मी हात उचलला तर ६० अंशांना अडला. कोपर अंगाला लावून काठीने हात बाहेर ढकलायला सांगितला, तर जवळजवळ शून्य. तोंडही वाकडं झालं. "शेक द्या, मशीन लावा," हे ओघाने आलंच. मशीन लावलं की पैसे फिटल्यासारखं वाटतं लोकांना. मी वाकायला सांगितलं. भातलावणीला वाकतात तशा त्या सहज वाकल्या आणि हात सोडून दिला. शहरातला पेशंट या एवढ्यासाठी माझा अर्धा तास खातो.

उद्या लुगडं घेऊन या, म्हटलं.

आता मला स्वतःला लुगडं नेसवता येत नाही. पण आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी रोज लुगडंच नेसतात. दुसऱ्या दिवशी पडदा ओढला. आधी ढगळ चोळी : दुखरा हात आधी घालायचा, चांगला नंतर, काढताना उलट. मग मावशींनी कमरेला गाठ मारली आणि निऱ्या घ्यायला लागल्या. ते काही आजींना पटेना.

"अगं बारीक घे. ही काय चादरीची घडी हाय का?"

असं म्हणत त्यांनी गळ्यातल्या पट्ट्यातून उजवा हात काढला आणि लुगडं मावशींच्या हातून स्वतःकडे घेतलं. मी थांबवणार होते, पण कोपर कमरेपासून हललं नव्हतं. अंगठा आणि तर्जनीत काठ धरायचा, हात बाहेर न्यायचा, घडी घ्यायची, परत आत यायचं. दर निरीला पुढचा हात बाहेर वळत होता, तोही वीसेक अंश सहज. काल काठीने जी हालचाल होत नव्हती ती हीच. तोंड वाकडं करायला त्यांना सवड नव्हती, सगळं लक्ष काठाकडे. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर मी खिशातून काढलाच नाही.

कासोटा त्यांनी डाव्या हाताने मागे खोवला. उजवा हात मागे न्यायला मी मनाई केली होती. पाठीमागे हात वळवताना मोडलेल्या जागेवर पीळ बसतो, त्यामुळे हाड पक्कं जुळल्याचा एक्स-रे येईपर्यंत तो व्यायाम मी देत नाही.

घरी करायला मग जुनं लुगडं आणि निऱ्या. काखेत टॉवेलची वळी, कोपर ढळू द्यायचं नाही. त्याशिवाय लोंबता हात रोज चार-पाच वेळा, आणि उताणं निजून दोन्ही हातांत काठी धरून वर नेणं. हाड जुळल्यावर भिंतीवर बोटं चढवणं सुरू झालं. नातू पेन्सिलीने खूण करायचा. इथे आजींनी लबाडी केली, सगळेच करतात. खांदा कानाला लावून बोटं वर न्यायची. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० पैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात, ६० पाठीवरच्या फऱ्यातून येतात. सांधा आखडला की फराच सगळं ओढायला बघतो. आरशासमोर उभं केल्यावर त्या स्वतःच हसल्या.

मुलाला हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितलं. उभ्याने पडून हाड मोडतं तेव्हा ते बघायलाच हवं, आणि नेमकं तेच राहून जातं.

उजवा हात मागे नेण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी कुल्ल्यापर्यंत, मग टॉवेलचं एक टोक डाव्या हाताने खांद्यावरून ओढत थोडंथोडं वर. संक्रांतीनंतर एकदा आल्या त्या उजव्या हाताने कासोटा खोवून. समोरून हात १३० अंशांपर्यंत जात होता. फाईल बंद करायची का, मी विचारलं.

"आन अंबाडा?" त्यांनी डोकं वळवून दाखवलं. केस नुसते रबरात अडकवलेले.

अंबाड्याला हात वर आणि बाहेर, दोन्ही एकदम लागतं, शिवाय दोन्ही हात तेवढा वेळ तिथे टिकले पाहिजेत. रबरी पट्टा हातात दिला आणि सांगितलं, याला अजून वेळ लागेल.

"लागू दे. तवर ह्या मावशी घालत्याल."

"पगार वाढवा मग माझा," मावशी फडकं पिळता पिळता म्हणाल्या.