बुलेटखालचं झाकण

आमच्या पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर एक काळा डाग आहे, साधारण जेवणाच्या ताटाएवढा. आईनं त्याला रॉकेल, सोडा, लिंबाची साल, कपड्याचा साबण असं सगळं लावून बघितलं. डाग गेला नाही, फक्त चकचकीत झाला. हा आबांच्या बुलेटचा. पुढे कधीतरी आईनं फरशीचा नाद सोडला आणि बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण गाडीखाली सरकवायला सुरुवात केली. संध्याकाळी कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की आधी कुकर चढायचा, मग झाकण पोर्चमध्ये जायचं. आबाही चाक बरोब्बर त्या बेतानं उभं करायचे. बत्तीस वर्षं हे असं चाललं, आणि गाडी गळते म्हणून कुणी कुणाला बोललं नाही.

आबा गेल्यावर गाडी पाच-सहा वर्षं ताडपत्रीखाली होती. गेल्या पावसाळ्यात मी ती खोलली. कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की रविवारी करण्यासारखं काही उरत नाही, आणि बँकेत आठवडाभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवल्यावर आपला म्हणून काहीतरी पसारा मांडावासा वाटतो. १९८५ ची गाडी, ३४६ सीसी, बिडाचा बोअर, चार गिअर आणि तेही उजव्या पायाला. मनाशी एकच ठरवलं होतं : या खेपेला झाकण लागता कामा नये.

ज्यांनी जुनी बुलेट उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीची बांधणी मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली, तिकडचा कारखाना बंद पडला, तरी इकडे गाडी आपली निघतच राहिली. त्या बांधणीत एका घरात तीन चुली आहेत. इंजिनचं ऑईल वेगळं, क्लचच्या चेंबरचं वेगळं, आणि गिअरबॉक्स हा तर वेगळाच डबा, त्याचं वंगणही वेगळं. त्यामुळे खाली थेंब दिसला की पहिला प्रश्न ‘कुठून’ हा नसतो, ‘कुणाचा’ हा असतो. बोटावर घेऊन बघायचं. गिअरबॉक्सचं दाट आणि उग्र वासाचं, इंजिनचं काळं आणि पातळ. बँकेत खोट्या नोटेवरून बोट फिरवतो तसं मी महिनाभर थेंबांवरून फिरवत होतो.

खोलताना एक गंमत सापडली. इंजिनच्या बाजूचं टायमिंग कव्हर काढलं तर आतलं पॅकिंग, म्हणजे सांध्यातून ऑईल गळू नये म्हणून मध्ये घालतात तो कागद, जाड, पिवळट आणि छापील. पुसून बघितलं तर अक्षरं उमटली : ‘ज्येष्ठ चिरंजीव’, आणि खालच्या वळणावर ‘कृपया आहेर आणू नये’. कुणाची तरी लग्नपत्रिका कापून बसवलेली होती! ती घेऊन मी उद्यमनगरात आबांच्या जुन्या मिस्त्रीमामांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं आणि हसले.

“पॅकिंग संपलं हुतं त्या दिशी. आबास्नी सांजचं शिरोळला जायाचं हुतं. म्हणालं, बसीव काय तर. खिशात पत्रिका हुती.”

“मग त्या लग्नाला गेला का?”

“कुठलं? पत्त्याच्या बाजूनंच तर कापलं.”

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ते पॅकिंग कोरडं निघालं. कार्यालयाचा पत्ता गेला, पण तिथून ऑईल गेलं नव्हतं.

मी अर्थातच पत्रिका वापरणार नव्हतो. नवीन पॅकिंगचा सेट आणला, टॉर्क रेंच म्हणजे नट मोजून आवळायचा पाना आणला, तो वापरायचा कसा याचे व्हिडिओ बघितले. चेंबरच्या कडा डिझेलनं धुतल्या, जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून कव्हरं घासली. घासताना कडेवर एक ओरखडा सापडला. कुणीतरी कधीतरी कव्हर निघेना म्हणून फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं होतं. असा केसाएवढा ओरखडा ऑईलला पुरतो, पाटाचं पाणी जसं उंदराच्या बिळातून शेताबाहेर जातं तसा. तो सपाट करायला मला दोन रविवार लागले.

ऑईल सोडायच्या बोल्टांखाली तांब्याचे वॉशर असतात. आवळून आवळून ते कडक होतात आणि मग नीट बसत नाहीत. ते गॅसवर लालबुंद तापवले की पुन्हा मऊ पडतात. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, तांब्याची रीत उलटी. हे मी स्वयंपाकघरात चिमट्यात वॉशर धरून आईला समजावत होतो. ती म्हणाली, “तो चिमटा परत फुलक्यांना वापरायचा नाही.” आमचा धातुशास्त्राचा तास तिथेच संपला.

सांधे बुजवायचं लाल सिलिकॉनही आणलं होतं. ते वापरायचा मोह फार होतो, कारण नळीतून सुरेख बाहेर येतं, केकवरच्या आयसिंगसारखं. पण कव्हर आवळल्यावर जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं. आतला तुकडा सुटला की ऑईलच्या वाटेत जाऊन अडकतो आणि बाहेरची गळती थांबवता थांबवता आतलं बेअरिंग कोरडं पडतं. नव्या माणसाचा कामचुकारपणा बहुधा लाल रंगाचाच असतो. मी फक्त एके ठिकाणी लावलं. बरं, दोन.

गाडी सातव्या किकला सुरू झाली. आबांच्या पद्धतीनंच : चावी फिरवायची, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून हळूहळू किक खाली न्यायची, अँपिअरमीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर घ्यायची आणि मग एकच सणसणीत. आई दारात आली, ऐकून आत गेली, काही बोलली नाही.

पाच मिनिटांनी खाली वाकून बघितलं. सगळं कोरडं, फक्त इंजिनच्या खालच्या चेंबरच्या मागच्या बाजूच्या रबरी नळीच्या टोकाला एक थेंब. ही नळी बोटभर लांबीची, टोकाला बदकाच्या चोचीसारखी चपटी. एवढ्या मेहनतीनंतर तो थेंब मला सहन झाला नाही. मी ती चोच दुमडली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधून टाकली. तात्पुरती. नंतर नीट बघू म्हणून.

‘तात्पुरतं’ या शब्दावर आपल्याकडे किती गोष्टी वर्षानुवर्षं उभ्या आहेत, ते सोडा. मला तर दुसऱ्याच दिवशी विसर पडला.

मग गळायला लागली. रंकाळ्यापर्यंत जाऊन आलो तर क्लच कव्हरच्या कडेनं काळी रेघ. ते कव्हर मध्ये एकाच नटावर असतं आणि कडेला रबराची वळी. मी नट आणखी आवळला. जास्त आवळलं की कव्हर मध्ये दबतं आणि कडा उचलतात, हे मला नंतर कळलं. ते खोलून नीट बसवलं तर टॅपेटच्या कव्हरपाशी ओल. तिथलं पॅकिंग बदललं तर वर हेडवर. आज इथं बांध घातला की उद्या तिथं फुटायचं.

गळतीचा एक त्रास असा की ती जिथं दिसते तिथली नसते. ऑईल खाली उतरतं आणि वाऱ्यानं मागं सरकतं. म्हणून खोट शोधायची ती ओल्याच्या वर आणि पुढे. सगळं इंजिन धुऊन कोरडं केलं आणि त्यावर कॅरमची पावडर फुंकली. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते, ती जिथून निघते ते मूळ. पन्हाळ्याच्या घाटात एक चक्कर मारून आलो. वाटेत चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, “पावणं, इंजिनाला घामोळं आलंय काय?” घरी येऊन बघितलं तर रेघा तीन ठिकाणांहून निघालेल्या, तिन्ही अगदी नवीन पॅकिंगच्या, टॉर्क रेंचनं मोजून आवळलेल्या.

शेवटी मामांना घरी आणलं. त्यांनी गाडी चालू करायला सांगितली, खाली बसले, इंजिनला हातही न लावता मागच्या बाजूला बघितलं आणि विचारलं, “ह्ये कुणी बांधलं?”

“मी. तिथून थेंब येत होता.”

“आणि आता कुठनं येतोय?”

मग त्यांनी सांगितलं ते असं. पिस्टन खाली आला की खालच्या चेंबरमधली तेवढी हवा दाबली जाते. ३४६ सीसी, म्हणजे चहाचे तीन-चार कप हवा म्हणा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर हे सेकंदाला ५० वेळा. ती हवा बाहेर सोडण्यासाठीच ही चोच. हवा बाहेर जाताना उघडते, पिस्टन वर गेला की मिटते आणि बाहेरची हवा आत येऊ देत नाही. त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरा कमीच राहतो आणि ऑईल बाहेर पडायच्या ऐवजी आतच ओढलं जातं. हवेबरोबर कधीतरी एखादा थेंब यायचाच. तो एक थेंब थांबवायला मी गाडीचं नाकतोंड बांधलं होतं, आणि ती सांध्यासांध्यातून श्वास घेत होती.

मामांनी पक्कडीनं पट्टी तोडली आणि चोच सरळ करून चेनकडे वळवली. “पडला थेंब तर चेनवर पडू दे, तिला बी ऑईल लागतंय की.” मग खिशातून दोन घड्या घातलेला जाड कागद काढला. हेडवरचं एक पॅकिंग माझ्या आवळाआवळीत फाटलं होतं. कव्हरवर कागद धरून त्यांनी हातोडीच्या गोल टोकानं कडेनं टकटक करत नेलं आणि पाच मिनिटांत आकार तंतोतंत कापला. कागद कोरा होता. मी उगीचच उलटून बघितला.

त्याला आता आठ दिवस झाले. परवा मी एकदा कागल, एकदा ज्योतिबा करून आलो. गाडी लावली, हात धुतले आणि चहा घेत पायरीवर बसलो. आई झाकण घेऊन बाहेर आली, गाडीखाली सरकवलं. पाच मिनिटांनी परत आली, वाकून बघितलं. झाकण कोरडं. तिनं ते उचलून पदरानं पुसलं, गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ऑईल घातलंयस नव्हं रे त्यात?”

“घातलंय की.”

ती आत गेली. मी कप खाली ठेवला आणि आवाज न करता डिपस्टिक काढून बघितली.